टँकर कुठल्या गल्लीत शिरला? : मेंदूविषयी वाचकांचे प्रश्न

मेंदू आणि माणसाची वागणूक या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेली बहुतेक पत्रे नागपूर आणि आसपासच्या गावांतली आहेत. घरगुती बाबी उघड होऊ नयेत म्हणून नावे गाळली असून पत्रे थोडक्यात दिली आहेत. मी शरीरक्रियाशास्त्राचा निवृत्त शिक्षक आहे आणि पत्रावरून रोगनिदान करीत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न : माझे वडील बासष्ट वर्षांचे असून त्यांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले. गेल्या दीड वर्षात त्यांचा स्वभाव पार पालटला आहे. शेजारी तेरावे असताना ते पंगतीत मोठमोठ्याने हसले, बर्डीवरून एकाच रंगाच्या सहा छत्र्या घेऊन आले, आणि आई तापाने फणफणत असताना तिची साधी विचारपूसही त्यांनी केली नाही. गोड तर अधाशासारखे खातात. पाढे मात्र आजही बिनचूक म्हणतात. नातेवाईक म्हणतात, म्हातारचळ लागला. स्मरणशक्ती शाबूत असताना हा मेंदूचा आजार असू शकतो का? (महाल)

असू शकतो, आणि म्हणूनच ‘म्हातारचळ’ हा शब्द तूर्त बाजूला ठेवावा. विस्मरणापासून सुरू होतो तोच मेंदूचा ऱ्हास, अशी आपल्याकडे समजूत आहे. परंतु मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या खंडांपासून सुरू होणारा फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया नावाचा विकार साधारण पंचेचाळीस ते पासष्ट या वयात दिसू लागतो, आणि त्याच्या एका प्रकारात आधी बिघडते ती वागणूक. भीडभाड सुटणे, घरच्यांच्या दुखण्याखुपण्याविषयी अलिप्तता येणे, तीच ती कृती पुन्हा पुन्हा करणे, गोडाची ओढ लागणे ही त्याची ओळखीची लक्षणे आहेत. मात्र अशीच लक्षणे थायरॉइडचे विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, उतारवयात सुरू झालेला उन्माद किंवा नैराश्य, मेंदूतली गाठ, एवढेच काय पण एखाद्या औषधाचा परिणाम यांमुळेही दिसू शकतात, आणि यांपैकी काहींवर चांगले उपचार आहेत. त्यामुळे वडिलांना मज्जाविकारतज्ज्ञांना दाखवणे लांबणीवर टाकू नये.

जाताना एक वही घेऊन जा. केव्हा, कुठे, काय घडले, हे तारखेनिशी लिहिलेली वही. दहा मिनिटांच्या तपासणीत असा रुग्ण अगदी व्यवस्थित बोलू शकतो आणि सुरुवातीच्या काळात एमआरआयमध्ये ठळक असे काही दिसेलच असे नाही. अशा वेळी घरच्या माणसाने सांगितलेली हकीकत हाच निदानाचा मोठा आधार असतो. बँकेचे व्यवहार आणि एटीएम कार्ड यांवरही घरच्यांनी लक्ष ठेवावे, कारण छत्र्या सहाच आल्या तोवर ठीक आहे.

स्वभावाचा मेंदूशी संबंध कसा लक्षात आला, याची कथा वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगितली जाते, आणि बहुतेक वेळा अर्धवट सांगितली जाते. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गासाठी खडक फोडताना सुरुंगाची दारू अवेळी उडाली आणि फिनीस गेज या मुकादमाच्या डाव्या गालाखालून शिरलेली लोखंडी पहार कवटीच्या वरून बाहेर पडली. पहार साडेतीन फुटांहून लांब आणि सहा किलो वजनाची होती. गेज वाचला. थोड्याच वेळात तो बोलू लागला. परंतु त्याचे डॉक्टर जॉन हार्लो यांनी पुढे नोंदवले की शिस्तीचा आणि धोरणी समजला जाणारा हा माणूस चंचल, शिवराळ आणि हट्टी झाला होता. ओळखीचे लोक म्हणत की हा आता तो गेज राहिला नाही.

इथवरची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पुढचा भाग असा, की हाच गेज नंतर चिली देशात जाऊन कित्येक वर्षे घोड्यांची प्रवासी गाडी हाकत होता. हे काम वेळेवर उठण्याचे, जनावरे सांभाळण्याचे आणि प्रवाशांशी नीट वागण्याचे. १८६० मध्ये फेफऱ्याचे झटके येऊन तो वारला, तोपर्यंत तो बराचसा सावरला होता असे आज अनेक अभ्यासक मानतात. कपाळामागचा भाग वागणुकीला आवर घालतो, हा निष्कर्ष गेजनंतरच्या असंख्य रुग्णांनी पक्का केला आहे; पण ‘तो भाग गेला म्हणजे माणूस संपला’ हा निष्कर्ष खुद्द गेजनेच खोटा ठरवला. आपल्या वडिलांच्या बाबतीत एवढे लक्षात असू द्या की आजार निघाला, तर आईच्या तापाकडे त्यांनी केलेले दुर्लक्ष हा निष्ठुरपणा नव्हता. मात्र अपघातातली इजा एकदाच होते, आणि ऱ्हासाचा आजार वाढत जातो. म्हणून गेजच्या सावरण्यावरून फार आशा धरण्यापेक्षा निदान लवकर करून घ्यावे.

प्रश्न : मी अकरावी विज्ञान शाखेत आहे. ईईजी, सीटी, एमआरआय आणि एफएमआरआय यांत नेमका फरक काय? एफएमआरआयमध्ये विचार दिसतात हे खरे का? (प्रतापनगर)

सीटी आणि एमआरआय मेंदूची रचना दाखवतात. सीटीमध्ये क्ष-किरण असतात. गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे असे चित्र घेतले गेले. रक्तस्राव झाला आहे का, हे काही मिनिटांत पाहायचे असेल तर आजही आधी सीटीच करतात. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. प्रबळ चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओलहरी यांच्या साहाय्याने शरीरातल्या पाण्यातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचा प्रतिसाद टिपला जातो, आणि त्यातून मेंदूचा करडा भाग, पांढरा भाग असे बारकावे उमटतात. ही दोन्ही यंत्रे म्हणजे घराचा नकाशा. घरात या क्षणी कोण काय करते आहे, ते नकाशावरून समजत नाही.

ते समजून घेण्याची सर्वांत जुनी आणि माझ्या आवडीची पद्धत ईईजी. जर्मनीतील हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा विद्युतलहरी नोंदवल्या आणि पाच वर्षे तपासून १९२९ मध्ये प्रसिद्ध केल्या. संधी मिळाली तर ही तपासणी प्रत्यक्ष पाहा. रुग्णाला आदल्या दिवशी केस धुऊन, तेल न लावता यायला सांगतात, आणि आपल्याकडच्या आजीबाईंना नेमके तेच पटत नसते. तंत्रज्ञ साध्या फितीने नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंतचे अंतर मोजतो, त्या मोजमापाच्या ठरावीक टक्क्यांवर पेन्सिलने खुणा करतो, आणि चिकट लेप लावून एकेक चकती बसवतो. रुग्ण डोळे मिटून शांत पडला की डोक्याच्या मागच्या भागावरून सेकंदाला आठ ते तेरा वेळा उठणाऱ्या अल्फा लहरी उमटू लागतात. ‘डोळे उघडा’ म्हणताच त्या मावळतात, मिटायला सांगितले की परत येतात. तीस वर्षे मी हे विद्यार्थ्यांना दाखवले, आणि दर वेळी वर्गात कुणीतरी ‘अरे!’ म्हणायचेच. ईईजी सेकंदाच्या हजाराव्या भागातला बदलही पकडते. तो बदल मेंदूत नेमका कुठे झाला हे सांगण्यात मात्र ती कच्ची आहे, कारण कवटी आणि कातडी ओलांडून येईपर्यंत संकेत पसरून जातो.

आता एफएमआरआय. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे प्राणवायूयुक्त रक्ताचा ओघ वाढतो. प्राणवायू असलेल्या आणि नसलेल्या हिमोग्लोबिनचे चुंबकीय गुणधर्म वेगळे असतात. या फरकावरून चित्र घेता येते हे सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवले आणि दोनच वर्षांत माणसांवर प्रयोग सुरू झाले. पण यात मोजला जातो तो रक्ताचा बदल, आणि तोही मज्जापेशींचे काम सुरू झाल्यावर चार ते सहा सेकंदांनी शिगेला पोचतो. नागपूरच्या उन्हाळ्यातला पाण्याचा टँकर डोळ्यांसमोर आण. टँकर कुठल्या गल्लीत शिरला यावरून त्या गल्लीत पाणी लागते आहे एवढे कळते. तेही उशिरा, कारण फोन आधी गेलेला असतो. कुणाच्या घरी लग्न आहे, कुणाकडे धुणे साचले आहे आणि कुणाच्या कूलरची टाकी कोरडी पडली आहे, हे टँकर पाहून सांगता येत नाही. चित्रातला एकेक ठिपका साधारण तीन मिलिमीटरचा घन असतो आणि तेवढ्या जागेत काही लाख मज्जापेशी असतात. रंगीत ठिपका पाहून ‘हा मत्सर, हे प्रेम’ असे छापणाऱ्या बातम्या वाचताना टँकर आठवावा.

आणखी एक मासा आठवावा. २००९ मध्ये अमेरिकेतील काही संशोधकांनी एक मेलेला सॅमन मासा एफएमआरआय यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे ‘दाखवली’ आणि चित्रातल्या माणसाच्या मनात कोणती भावना आहे असे यथाविधी विचारले. हजारो ठिपके एकाच वेळी तपासताना जी सांख्यिकीय दुरुस्ती करावी लागते ती न करता गणित मांडल्यावर माशाच्या मेंदूत काही ठिपके ‘सक्रिय’ निघाले. यंत्र खोटे आहे असे त्यांना म्हणायचे नव्हते. दुरुस्ती गाळली तर मेलेला मासाही विचार करताना दिसेल, एवढेच त्यांना दाखवायचे होते. या कामाला २०१२ मध्ये इग नोबेल हे विनोदी पारितोषिक मिळाले. संख्याशास्त्राचा तास चुकवू नकोस, हे या उत्तराच्या निमित्ताने सांगतो.

विचार दिसत नसले तरी एफएमआरआयचा उपयोग मोठा आहे. गाठ काढण्यापूर्वी रुग्णाची वाणी आणि हाताची हालचाल सांभाळणारे भाग कुठे आहेत हे शल्यविशारदाला त्यावरून आधीच पाहता येते.

प्रश्न : मी कायद्याची विद्यार्थिनी आहे. ब्रेन मॅपिंग किंवा नार्को चाचणीतून आरोपी खरे बोलतो की खोटे हे वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध होते का? (धरमपेठ)

कायद्याची बाजू आपण वाचली असेलच. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी निर्णय दिला की नार्को, पॉलिग्राफ (नाडी, श्वास यांवरून खोटे ओळखू पाहणारी चाचणी) आणि मेंदूच्या विद्युतलहरींची चाचणी यांपैकी कोणतीही चाचणी कुणावर सक्तीने करता येणार नाही. तसे करणे राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) चा, म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती न होण्याच्या हक्काचा, भंग ठरते. संमतीने केलेल्या चाचणीचा निकालही स्वतः पुरावा होत नाही. तिच्या आधारे पुढे एखादी वस्तू किंवा माहिती हाती लागली, तर तेवढ्यापुरता विचार होऊ शकतो.

विज्ञानाची बाजू अशी. ब्रेन मॅपिंग या नावाने जे केले जाते त्याच्या मुळाशी पी-३०० ही लहर असते. अनेक निरर्थक गोष्टींमध्ये एखादी ओळखीची किंवा अर्थपूर्ण गोष्ट समोर आली की सुमारे तीनशे मिलिसेकंदांनी ईईजीमध्ये एक चढ दिसतो. ही लहर खरी आहे, १९६५ पासून अभ्यासली गेली आहे आणि प्रयोगशाळेत कुणालाही दाखवता येते. परंतु तिचा अर्थ ‘हे मेंदूला वेगळे वाटले’ एवढाच आहे. खुनातल्या सुऱ्याचे चित्र खुन्याला ओळखीचे वाटेल, तसे पंचनाम्याला बोलावलेल्या पानवाल्यालाही वाटेल, आणि टीव्हीवर तोच सुरा दिवसभर पाहिलेल्या निरपराध माणसालाही वाटेल. नार्कोविषयी तर मी याहून कडक बोलेन. सोडियम पेंटोथाल या गुंगीच्या औषधाने अर्धवट गुंगीत गेलेला माणूस बडबडतो हे खरे, पण त्या अवस्थेत ऐकलेले, कल्पिलेले आणि प्रश्नकर्त्याने सुचवलेले सगळेच त्याच्या बोलण्यात मिसळून येते. या चाचणीला ‘सत्यचाचणी’ म्हणणे ही भाषेची दिशाभूल आहे.

उलट दिशेचा युक्तिवादही आपल्याला पुढे ऐकावा लागेल, तो म्हणजे ‘माझ्या अशिलाच्या मेंदूतच दोष होता’. १९६६ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन शहरात विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून गोळीबार करून अनेकांचे जीव घेणाऱ्या तरुणाने, आपल्या मेंदूची तपासणी व्हावी असे आधीच लिहून ठेवले होते. शवविच्छेदनात खरोखर गाठ सापडली. परंतु चौकशी करणाऱ्या तज्ज्ञांना त्या गाठीचा आणि त्या कृत्याचा संबंध निश्चितपणे जोडता आला नाही. अशी गाठ असूनही कुणाच्या अंगावर बोटही न उगारणारे रुग्ण असतात. न्यायालय विचारते ते, कृत्य करताना त्या माणसाला त्याचे स्वरूप कळत होते का. आणि हा प्रश्न कुठल्याही यंत्राला थेट विचारता येत नाही.

प्रश्न : आमच्या सासरी राग पिढीजात आहे. आजेसासरे, सासरे, माझे यजमान, आणि आता सात वर्षांचा मुलगाही ताट भिरकावतो. ‘आमच्या रक्तातच आहे’ असे सगळे कौतुकाने सांगतात. रक्तातच असेल तर मी करू तरी काय? (काटोल)

ताई, आपण संत्र्याच्या मुलखातल्या आहात, म्हणून संत्र्यावरूनच सांगतो. जंभेरीच्या खुंटावर एकाच झाडाचे डोळे (म्हणजे फांदीवरचे कोंब) बांधून दहा कलमे केली आणि ती दहा वेगवेगळ्या शेतांत लावली, तर फळांत जो फरक पडेल तो जमीन, पाणी आणि निगा यांचा, कारण डोळा सगळ्यांचा एकच. आता दहा वेगवेगळ्या झाडांचे डोळे आणून एकाच शेतात, एकाच पाण्यावर वाढवले, तर फरक बहुतांशी त्या डोळ्यांचा. पहिल्या बागेत आनुवंशिकता शून्य निघेल, दुसऱ्या बागेत भरपूर. म्हणून ‘संत्र्याची गोडी इतके टक्के आनुवंशिक’ या विधानाला, कुठल्या बागेत ते सांगितल्याशिवाय अर्थ नाही.

माणसांच्या बाबतीत हेच. पन्नास वर्षांतल्या जुळ्यांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्व गुणधर्म मिळून आनुवंशिकतेची सरासरी सुमारे ४९ टक्के आली. याचा अर्थ आपल्या मुलाचा अर्धा राग रक्तातला आणि अर्धा घरातला, असा होत नाही. माणसामाणसांत जो फरक आढळतो त्यातला तेवढा भाग जनुकांच्या फरकाशी जुळतो, एवढाच होतो. आणि जनुकांमुळे आलेली गोष्ट बदलतच नाही हेही खरे नाही. फिनाइलकीटोन्युरिया हा विकार पूर्णपणे जनुकीय आहे. त्यात आहारातले एक अमिनो आम्ल शरीराला पचवता येत नाही आणि उपचार न झाल्यास मेंदूची वाढ खुंटते. पण जन्मतःच ओळखून आहार बदलला की मूल शाळेत इतरांसारखेच शिकते.

आपल्या घरात डोळाही तोच आहे आणि शेतही तेच, त्यामुळे कुणाचा वाटा किती हे घरबसल्या काढता येणार नाही. एक गोष्ट मात्र तपासण्यासारखी आहे. मुलाने ताट भिरकावल्यावर घरात पुढे काय होते? मोठी माणसे हसत असतील, ‘आजोबांवर गेला’ म्हणत असतील आणि दुसरे ताट लगेच पुढे येत असेल, तर ताट भिरकावल्याने काम होते हे त्या मेंदूने शिकून घेतले आहे. हे तो न शिकेल अशी व्यवस्था महिनाभर करून पाहा, आणि त्यात यजमानांना सामील करून घ्या, कारण हे काम एकट्या आईचे नाही. सातव्या वर्षी कपाळामागचा मेंदू अजून बराच कच्चा असतो. त्याची वाढ विशीच्या पुढेही चालते. शाळेतही असाच त्रास असेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना एकदा जरूर दाखवावे.

प्रश्न : उन्हाळी शिबिरात मुलांचा ‘मिडब्रेन’ जागृत करून देतात, मग मुले डोळे बांधून वाचतात म्हणे. मुलीला पाठवावे का? (वर्धा मार्ग)

पाठवू नये. मध्यमेंदू आपल्या मुलीचा जागाच आहे. तो झोपला असता तर तिचे डोळे हलले नसते आणि ती शुद्धीवरही नसती. पट्टीखालून नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते, मूल मान किंचित वर करते आणि वाचते. पट्टी न बांधता पुस्तक मुलीच्या डोक्यामागे धरा आणि मग वाचायला सांगा. ‘उजव्या मेंदूची मुले’ आणि ‘आपण दहा टक्केच मेंदू वापरतो’ ही वाक्येही त्याच दुकानातली आहेत.

प्रश्न : मी एकाहत्तर वर्षांचा आहे. देहदानाचा अर्ज भरताना मनात आले, एवढी यंत्रे असताना मेलेल्या माणसाच्या मेंदूचा काय उपयोग? (मेडिकल चौक)

वैद्यकीय महाविद्यालयात देहदान केल्यास आपला मेंदू आधी विद्यार्थ्यांच्या हाती येईल. ताजा मेंदू खरवसासारखा लिबलिबीत असतो, हातात धरला तरी स्वतःच्या वजनाने पसरतो; काही आठवडे फॉर्मलिनमध्ये राहिला की पनीरसारखा घट्ट होतो आणि मग त्याचे काप करता येतात. पहिल्यांदा तो तळहातावर घेतलेला विद्यार्थी वजनाने चकित होतो, कारण साधारण सव्वा ते दीड किलोचा हा गोळा चित्रात हलका वाटतो. संशोधनासाठी मेंदू जतन करणारे भांडार बेंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेत आहे.

उपयोगाचे म्हणाल, तर हेन्री मोलेसन यांचे उदाहरण देतो. फेफऱ्याचे झटके थांबावेत म्हणून १९५३ मध्ये अमेरिकेत त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस या आतल्या अवयवाचा बराचसा भाग काढला गेला, आणि त्या दिवसापासून त्यांना नवे काही लक्षात राहीना. जेवण झाले तेही राहीना, समोरचा माणूस कोण तेही राहीना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्यांना आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. रोजच्या सरावाने त्यांचा हात सफाईदार होत गेला; आपण हे पूर्वी केले आहे याची मात्र त्यांना दर वेळी जाणीवच नसे. स्मृती एकच नसते, तिचे प्रकार असतात आणि त्यांची ठिकाणे वेगळी असतात, हे या एका माणसामुळे शास्त्राला कळले. २००८ मध्ये ते वारले. पुढच्या वर्षी त्यांच्या गोठवलेल्या मेंदूचे त्रेपन्न तासांत २,४०१ काप करण्यात आले, आणि त्यांच्या अभ्यासात डाव्या कपाळाच्या खंडात एक लहानशी इजा आढळली. जगात सर्वाधिक तपासल्या गेलेल्या रुग्णांपैकी ते एक होते, आणि तरीही त्या इजेची कुणालाच कल्पना नव्हती.

अर्ज अवश्य भरा, आणि घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा; त्या वेळी महाविद्यालयाला वेळेत कळवणे त्यांच्याच हातात असते.